कॅलेंडरवरचे सोमवार आधी खोडा: चीनमधली जुनी शहरं आणि स्मारकं पाहायची तयारी

चीनला जाणारे बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल, आणि ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून प्रेक्षणीय स्थळं शेवटी ठेवतात. युरोपात किंवा थायलंडमध्ये ते खपून जातं, चीनमध्ये खपत नाही. तिथली मोठी ठिकाणं पासपोर्ट नंबरावर आगाऊ नोंदणी करून पाहायची असतात. दिवसाची संख्या भरली की दारात कितीही विनवण्या केल्या तरी आत सोडत नाहीत. त्यातली बरीचशी सोमवारी बंदही असतात. म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी कोणत्या वारी काय पाहायचं ते ठरवा, मग बाकीचं.

हे मार्गदर्शन बीजिंग, शिजियाझुआंग, लुओयांग, शीआन आणि नानजिंग या पाच शहरांपुरतं आहे. शिजियाझुआंग सहसा कुणाच्या यादीत नसतं, पण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथे आहे आणि बीजिंगहून वेगवान गाडीने ते सव्वा-दीड तासावर आहे. मराठी माणसाने ते गाळू नये.

१. आधी वारांचा हिशोब

सोमवारी बंद: बीजिंगचा राजवाडा (फॉरबिडन सिटी), माओ स्मृतिभवन, शीआनचं शान्शी इतिहास संग्रहालय, नानजिंगमधलं हत्याकांड स्मारक (१९३७ मध्ये जपानी सैन्याने मारलेल्यांचं) आणि चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांची समाधी. सरकारी सुट्टीचा सोमवार असेल तर काही ठिकाणी अपवाद होतो, त्यावर विसंबू नका.

सोमवारी चालू: लुओयांगची लोंगमेन लेणी, शीआनचं मातीचं सैन्य (सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक), शीआनची तटबंदी, चीनची भिंत. म्हणजे सोमवार यांच्यासाठी किंवा लांबच्या रेल्वेप्रवासासाठी राखायचा.

बारा दिवसांचा एक आराखडा असा बसतो. बुधवारी बीजिंगला पोहोचा. गुरुवारी थिआनआनमन चौक आणि स्वर्गमंदिर, शुक्रवारी राजवाडा, शनिवारी चीनची भिंत. रविवारी सकाळी शिजियाझुआंग, संध्याकाळी पुढे लुओयांग. सोमवारी लोंगमेन. मंगळवारी श्वेताश्व मंदिर पाहून शीआन. बुधवार-गुरुवार शीआन. शुक्रवार गाडीत, शीआन ते नानजिंग पाच-सहा तास. शनिवार-रविवार नानजिंग आणि तिथून शांघायमार्गे परत. एकच सोमवार येतो आणि तो बरोबर लेण्यांवर पडतो.

हंगामाचं म्हणाल तर एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यातून १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आणि १ मेपासूनचे पाच दिवस वगळा. त्या दिवसांत अख्खा देश फिरायला निघतो. रेल्वेची तिकिटं विक्री खुली होताच संपतात. चिनी नववर्षाचंही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, शिवाय नानजिंगचा उकाडा चीनमध्येही कुप्रसिद्ध आहे.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ‘एल’ प्रकारचा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचं काम मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. जवळ ठेवायची कागदपत्रं:

- किमान ६ महिने मुदत आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला पासपोर्ट. जुना पासपोर्ट असेल तर तोही
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३३ × ४८ मिमी फोटो. आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोचं माप वेगळं असतं. स्टुडिओत माप सांगूनच काढा
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण, त्यात अर्जदाराचं नाव असलेलं
- बँकेचं खातेपत्रक आणि नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा
- शहरनिहाय दिवसांचा तक्ता, एका पानाचा

विमान, हॉटेलं आणि तक्ता यांच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एका रात्रीचं हॉटेल सुटलं की अर्ज परत येतो आणि हेलपाटा पडतो. रात्रीची गाडी असेल तर तक्त्यात तसं स्पष्ट लिहा.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तीन गोष्टी वाचा. ‘एंटर बिफोर’ ही चीनमध्ये शिरण्याची शेवटची तारीख असते, परतण्याची नव्हे. ‘ड्युरेशन ऑफ इच स्टे’ म्हणजे शिरल्यापासून किती दिवस राहता येईल. आणि ‘एंट्रीज’ म्हणजे किती वेळा शिरता येईल. इथेच एक सापळा आहे: हाँगकाँग किंवा मकाऊला गेलात की मुख्य चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथेच संपतो आणि परतीचं विमान बीजिंगहून असलं तरी परत शिरता येत नाही.

दुसरी गल्लत समाजमाध्यमांवरून पसरलेली आहे. ‘चीनमध्ये २४० तास बिनव्हिसा फिरता येतं’ हे ठरावीक देशांच्या पासपोर्टसाठी आहे. भारत त्या यादीत नाही.

३. फोन, नकाशा, ओटीपी

गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर बंद असतात. मात्र भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवलं की फोनचा डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून जातो आणि व्हॉट्सअ‍ॅप, गूगल दोन्ही चालतात. चिनी सिम पासपोर्ट दाखवून मिळतं, स्वस्तही पडतं, पण त्यावर हे काही चालत नाही. थोडक्या दिवसांसाठी रोमिंग पॅकच बरा. हॉटेलात शिरल्यावर फोन आपोआप वायफायला जोडला जातो आणि ‘व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं’ म्हणून तारांबळ उडते. वायफाय बंद करा, पुन्हा सुरू होतं.

बँकेचा ओटीपी भारतीय नंबरावरच येतो. तेव्हा दुसरं सिम घेतलंत तरी भारतीय सिम फोनमध्ये चालू हवं.

गूगल नकाशा चालला तरी तो तिथे भरवशाचा नाही. चीनमधली नकाशापद्धत वेगळी असल्याने तुमचा ठिपका खऱ्या जागेपासून शंभर मीटर ते अर्धा किलोमीटर सरकलेला दिसतो. आयफोनचा स्वतःचा नकाशा किंवा ‘अ‍ॅमॅप’ हे चिनी नकाशाचं अ‍ॅप वापरा. आणि प्रत्येक हॉटेल, स्टेशन, स्मारकाचं नाव चिनी लिपीत, मोठ्या अक्षरात, स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. रोमन लिपीतला पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवून उपयोग नाही, आणि आपला उच्चार तर त्याला मुळीच कळत नाही.

४. पैसे

यूपीआय चालत नाही आणि रूपेवर विसंबू नका. भाजीवाल्यापासून मंदिराच्या तिकीटखिडकीपर्यंत सगळं क्यूआरवर चालतं, आणि तो क्यूआर अलीपे किंवा वीचॅट या चिनी अ‍ॅपचा असतो. अलीपेला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून मुख्य भिस्त अलीपेवर ठेवा.

क्रम असा: आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवा. मग अलीपेमध्ये पासपोर्टचा तपशील भरून ओळख पटवा. मग कार्ड जोडा. एक नव्हे, वेगवेगळ्या बँकांची दोन जोडा, कारण एखादं भारतीय कार्ड जोडलं जातं खरं पण ऐन पैसे देताना नाकारलं जातं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा आकार नाही. त्याहून मोठ्या रकमेवर अलीपे ३ टक्के घेतं. बँकेचा परकीय चलन आकार त्याहून निराळा.

शिवाय हजार-दीड हजार युआन रोख ठेवा, १० आणि २० च्या नोटा भरपूर. रोख नाकारणं तिथे कायद्याला धरून नाही, पण १०० ची नोट पुढे केली की सुट्टे नसतात, आणि मग दुकानदार व तुम्ही दोघंही एकमेकांकडे बघत उभे.

५. रेल्वे

अधिकृत अ‍ॅपचं नाव ‘१२३०६’. त्यात इंग्रजी आहे. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि खातं निघायच्या आठवडाभर तरी आधी उघडा, पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो. विक्री साधारण १५ दिवस आधी खुली होते. ट्रिप डॉट कॉमसारख्या दलालांकडे महिनाभर आधी पैसे भरता येतात, पण ते तिकीट नव्हे, ती मागणी. खरं तिकीट विक्री खुली झाल्यावरच निघतं. ‘बुक झालं’ समजून पुढची हॉटेलं पक्की करू नका.

कागदी तिकीट नसतं. पासपोर्ट हेच तिकीट. सगळी स्वयंचलित फाटकं परदेशी पासपोर्ट वाचत नाहीत. कडेला माणूस बसलेलं फाटक असतं, सरळ तिकडे जा. स्टेशनात शिरताना सामान क्ष-किरण यंत्रातून जातं: सुरी, कात्री, १५० मिलिपेक्षा मोठा केसांचा किंवा अंगावरचा स्प्रे काढून घेतात. फळं कापायचा चाकू इथेच जातो, हे ठरलेलं. गाडी सुटायच्या साधारण पाच मिनिटं आधी फलाटाचं फाटक बंद होतं आणि मग गाडी समोर उभी दिसत असली तरी सोडत नाहीत. मोठ्या स्टेशनावर तासभर आधी पोहोचा.

स्टेशनांची नावं नीट वाचा. बीजिंगमध्ये पश्चिम, दक्षिण, उत्तर, फंगताय अशी अर्धा डझन स्टेशनं आहेत. शिजियाझुआंगच्या बहुतेक वेगवान गाड्या पश्चिम स्टेशनातून सुटतात. लुओयांगला ‘लोंगमेन’, शीआनला ‘उत्तर’, नानजिंगला ‘दक्षिण’ ही वेगवान गाड्यांची स्टेशनं.

दुसऱ्या वर्गात एका ओळीत ए, बी, सी आणि पलीकडे डी, एफ अशा जागा असतात. ‘ई’ नसते. खिडकी हवी तर ए किंवा एफ. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो; चहाची पुडी आणि झाकणाचा स्टीलचा पेला जवळ असला की प्रवास सुखाचा होतो.

पॉवर बँकेबद्दल: जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात ‘३सी’ हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्या बहुतेकींवर ते नसतं, आणि ती विमानतळावरच टाकून द्यावी लागते. या मार्गावर शहरांमधला सगळा प्रवास रेल्वेने ठेवण्याचं हेही एक कारण.

६. हॉटेल आणि चोवीस तासांची नोंद

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेलात ती काउंटरवरच पासपोर्ट घेऊन करतात. नातेवाइकाकडे किंवा शिकणाऱ्या मुलाकडे उतरलात तर तुम्हाला आणि यजमानाला जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ती करावी लागते. बरेच जण विसरतात आणि पुढे अडचणीत येतात. लहान हॉटेलांत काउंटरवरच्या पोराला परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची ठाऊक नसतं आणि तो सरळ ‘नाही’ म्हणतो. आरक्षण करतानाच्या अभिप्रायांत परदेशी पाहुणे दिसतात का ते पाहून घ्या.

चीनमधलं सॉकेट आपल्या जाड तीन पिनांना घेत नाही. अ‍ॅडॉप्टर न्या.

७. बीजिंग: राजवाडा आणि चौक

राजवाड्याची तिकिटं सात दिवस आधी रात्री ८ वाजता (बीजिंगच्या घड्याळाने, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच) खुली होतात. गर्दीच्या दिवसांत ती पाहता पाहता जातात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर आधीच टिपून ठेवा, ऐनवेळी शोधत बसलात तर तिकीट गेलंच. आत गेल्यावर खजिना आणि घड्याळं या दालनांना प्रत्येकी १० युआनचं वेगळं तिकीट आहे. घड्याळांचं दालन चुकवू नका.

शिरायचं दक्षिणेच्या मध्यान्ह दरवाजातून आणि बाहेर पडायचं उत्तरेला. उलटं चालत नाही. दोन टोकांत जवळजवळ एक किलोमीटर अंतर आहे, तेव्हा ‘थकलेल्या आईला दारातच बसवतो आणि परत येतो’ असला बेत करू नका. बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे चिंगशान टेकडी आहे. दोन युआनचं तिकीट, पंधरा मिनिटांचा चढ, आणि १४२० मध्ये पुरा झालेला सगळा राजवाडा पिवळ्या कौलांसकट पायाखाली दिसतो. आतून जे कळत नाही, म्हणजे सगळं एका रेषेत बांधलंय हे, ते इथून कळतं.

थिआनआनमन चौकासाठी वेगळी नोंदणी लागते. राजवाड्याच्या तिकिटावर चौक आपोआप मिळतो असं समजू नका. सुरक्षातपासणीची रांग सकाळी तासाभराची होऊ शकते. माओ स्मृतिभवनासाठी आणखी एक नोंदणी, प्रवेश फुकट. पिशवी आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो, टोपी काढावी लागते, आत थांबता येत नाही आणि बोलायचं नसतं. चौकाच्या मधोमध उभा असलेला लोकवीरांचा स्तंभ ३७.९४ मीटर उंच आहे, १९५८ सालचा. तो मात्र सावकाश पाहता येतो.

चौकाच्या आसपास गोड इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी ‘चहा घेऊ या, इंग्रजीचा सराव होईल’ म्हणून गळ घालतात. त्या चहाचं बिल हजारांत येतं. हसून पुढे चला.

८. शिजियाझुआंग: कोटणीसांची समाधी

रविवारी सकाळची गाडी धरा. अंतर २८१ किलोमीटर. सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवता येतं. तिथून मेट्रोची ३ नंबरची लाइन घेऊन ‘शिनपाय क्वांगछांग’ला उतरा, १ नंबरची पश्चिमेकडे जाणारी गाडी धरा, आणि पुढचंच स्टेशन: ‘लिएशी लिंगयुआन’. म्हणजे हुतात्मा स्मृतिउद्यान. त्याच्याही पुढचं स्टेशन ‘शांतता रुग्णालय’ या अर्थाचं आहे. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय ते हेच, १९४१ मध्ये कोटणीस त्याचे पहिले संचालक झाले. तेव्हा ते डोंगरातल्या खेड्यांमधून चालायचं.

१९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे. पाचांनीही आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं, म्हणजे चीन. उद्यानात कोटणीस म्हणून विचारलंत तर कुणाला कळणार नाही. ‘ख तीहुआ’ म्हणा, वाट दाखवतील. नाव चिनी लिपीत दाखवलंत तर आणखी बरं. समाधीपाशी त्यांचा पुतळा आहे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही समाधी याच आवारात. संग्रहालयाच्या छोट्या दालनात कोटणीसांनी बोटीवर असताना लिहिलेली शब्दांची वही ठेवलेली आहे, चिनी शिकण्यासाठी केलेली. बाजूला शस्त्रक्रियेची हत्यारं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा वय ३२ होतं आणि मुलगा यिनहुआ जेमतेम काही महिन्यांचा. ‘यिन’ म्हणजे भारत.

रीत अशी: पांढरी किंवा पिवळी शेवंती वाहतात, समोर उभं राहून तीनदा कमरेत वाकतात. हार, कुंकू, अगरबत्ती, दिवा नेऊ नका. उघड्या आगीला उद्यानांत मनाई असते आणि पहारेकरी धावत येतो. चौथऱ्यावर चढून फोटो नको. एप्रिलच्या ४-५ तारखेला छिंगमिंग, म्हणजे त्यांचा पितरांचा दिवस असतो. त्या आठवड्यात शाळांच्या रांगा येतात, सगळी समाधी फुलांनी झाकलेली असते. गर्दी सोसत असेल तर तेव्हाच जा.

दोन-अडीच तास पुरतात. संध्याकाळची गाडी चंगचौमार्गे लुओयांगला जाते.

९. लुओयांग

लोंगमेन लेणी शहराच्या दक्षिणेला १२ किलोमीटरवर, यी नदीच्या दोन्ही तीरांवर. तिकीट ९० युआन. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे एक फरक लगेच जाणवेल: ही आत शिरायची लेणी कमी, कड्यात कोरलेले कोनाडे जास्त. मूर्ती बाहेरूनच पाहायच्या. त्यामुळे उजेडाला फार महत्त्व आहे. पश्चिम तीरावरच्या मूर्ती पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणजे ऊन सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर पडतं. ६७५ मध्ये पुरी झालेली १७.१४ मीटर उंचीची वैरोचन बुद्धाची मूर्ती दुपारी गेलात तर सावलीत सापडते. उघडताच शिरा, पश्चिम तीर आधी करा, मग पूल ओलांडून पूर्व तीरावरून समोरचा कडा पाहा. चपला नकोत, बूट घाला, पायऱ्या पुष्कळ आहेत.

श्वेताश्व मंदिर पूर्वेला, परंपरेनुसार इसवी सन ६८ चं. कश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून इथे आले अशी कथा, आणि दोघांच्या समाध्या आवारात आहेत. सांचीच्या धर्तीवरचं भारतीय शैलीचं मंदिर आवाराच्या पश्चिम भागात आहे. २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बहुतेक लोक मुख्य मंदिर पाहून परततात. चालत पुढे जा.

शाकाहारींसाठी इथलीच एक किल्ली: चिनी बौद्ध मठांच्या जेवणात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींची सोय मठाजवळच्या खानावळीतच होते. इतरत्र नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. भाजीत डुकराची चरबी किंवा मांसाचा रस असतो. ‘मांस नको, मासे नको, अंडं नको, प्राण्याची चरबी नको, मांसाचा रस नको’ असं चिनीत लिहिलेलं कार्ड दाखवा. घरून चिवडा, ठेपले, मेतकूट नेता येतं. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र सीमेवर अडतात.

१०. शीआन

मातीचं सैन्य शहरात नाही, पूर्वेला ३५-४० किलोमीटरवर लिनथोंगमध्ये आहे. मेट्रोच्या ९ नंबरने ‘हुआछिंग छ’ला उतरून पुढे बस. स्टेशनाबाहेर ‘थेट सैन्याकडे’ म्हणून हाका मारणाऱ्या गाड्या प्रतिकृतींच्या कारखान्यात आणि जेडच्या दुकानात नेतात. तिकीट १२० युआन, पासपोर्टवर. मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सापडलं. तीन खड्डे आहेत. पहिला सगळ्यांत मोठा, २३० × ६२ मीटर. सगळे तिथेच आधी घुसतात. तुम्ही तिसरा, दुसरा, मग पहिला असं करा; लहानाकडून मोठ्याकडे गेल्यावर पहिल्याचा आवाका अंगावर येतो.

आणि एक हमखास राहणारी गोष्ट: कांस्यरथ आता या खड्ड्यांजवळ नाहीत. २०२१ पासून ते लिशान उद्यानातल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. त्याच तिकिटात, फुकट बसने जायचं. तिकीट टाकून देऊ नका, आणि तासभर राखून ठेवा.

शहराची तटबंदी १३.७ किलोमीटरची, पूर्ण बंद फेरा. तिकीट ५४ युआन; वर भाड्याची सायकल मिळते. दोन तासांत आरामात फेरी होते. विटा खडबडीत आहेत, कंबरदुखी असेल तर दक्षिण दरवाजापासून थोडं चालून परत या.

‘महाहंस’ मनोरा ६५२ चा, ६४ मीटर उंच. ह्यूएनत्संगाने भारतातून आणलेले ग्रंथ आणि मूर्ती ठेवायला तो बांधला. हाच ह्यूएनत्संग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. उपकार करणाऱ्याला न विसरणारे आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे लोक, असं त्याने आपल्याबद्दल लिहून ठेवलंय. दक्षिणेकडच्या चौकात त्याचा पुतळा आहे. मनोऱ्यावर चढायचं तिकीट मंदिराच्या प्रवेशापेक्षा वेगळं. जिने अरुंद आहेत आणि वरच्या खिडक्या लहान, गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा, काही बिघडत नाही.

११. नानजिंग

हत्याकांड स्मारक मेट्रो २ वरच्या ‘युनचिन लू’ स्टेशनाला लागून. प्रवेश फुकट, नोंदणी आवश्यक. आत मानवी अस्थींचा खड्डा जसाच्या तसा ठेवलेला आहे. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना नेण्याआधी विचार करा. भिंतीवर ३,००,००० हा मृतांचा चिनी सरकारी आकडा कोरलेला आहे. त्याच्यासमोर हसरे फोटो काढणं, मोठ्याने बोलणं, खाणं हे तिथल्या लोकांना खरोखर दुखावतं. भडक कपडे टाळा. दोन-तीन तास लागतात आणि नंतर दुसरं काही पाहायची इच्छा उरत नाही, म्हणून ते दुपारी ठेवा आणि संध्याकाळ मोकळी. १३ डिसेंबरला राष्ट्रीय स्मृतिदिनाचा सरकारी समारंभ असतो, त्या दिवशी पर्यटक म्हणून जाऊ नका.

सुन यत-सेन यांच्या समाधीसाठीही नोंदणी करा, मुख्य समाधी सोमवारी बंद. ३९२ पायऱ्या आहेत. खाली उभं राहून वर पाहिलं की फक्त पायऱ्या दिसतात. वर पोहोचून मागे वळलं की एकही पायरी दिसत नाही, नुसते सपाट टप्पे. ज्येष्ठांना सकाळी आठ-साडेआठलाच न्या, वाटेत सावली थोडीच आहे.

१२. अडलं तर

पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. व्हिसा आणि मुक्कामाच्या प्रश्नांसाठी १२३६७, इथे इंग्रजीत बोलता येतं. पासपोर्ट हरवला तर क्रम ठरलेला आहे: पोलीस ठाण्यात नोंद, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचा दाखला, मग बीजिंगचा भारतीय दूतावास किंवा शांघायचा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी देश सोडण्याचा चिनी व्हिसा. यात सहज आठवडा जातो. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या दोन प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. मात्र स्मारकांच्या दारात आणि स्टेशनवर प्रत चालत नाही, मूळच लागतो. तो रोज अंगावरच हवा.

१३. परतताना शांघायमध्ये

नानजिंगच्या बऱ्याच वेगवान गाड्या शांघायच्या होंगछियाओ स्टेशनात येतात, तर आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक फूतोंगहून सुटतात. दोन्ही शहराच्या विरुद्ध टोकांना. मेट्रो २ ने गेलात तर दीड-दोन तास धरा. डिसेंबर २०२४ पासून दोन विमानतळांना जोडणारी वेगळी रेल्वे सुरू झाली आहे, तिने ४० मिनिटं लागतात. होंगछियाओ स्टेशनातून आतल्या आतच तिथल्या विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत चालत जाऊन ती धरायची. तिकीट काढताना विमानतळाचं नाव पुन्हा एकदा पाहा आणि गाडी व विमान यांत किमान पाच तास ठेवा.